मजुरीचा ढोल

ढोल मी वाजवत होतो. सोमा कापसाखाली गुदमरून मेला, तेव्हा खड्ड्याच्या काठावर याकूतचाचा बसलेले नव्हते, मी बसलो होतो. हे वाक्य मी आजवर कोणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोपुढं नाही, देवापुढंही नाही. सकाळी हात जोडून इतर सगळी पापं नावानिशी मोजायचो आणि ह्या एकाशी आलो की डोळे उघडून समईची वात सारखी करायला लागायचो.

दिवाळी सरली. अकोल्याच्या रस्त्यावर पुन्हा कापसाच्या बैलबंड्या लागल्या आहेत. दुतर्फा बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकले आहेत; परक्याला वाटावं, झाडं मोहरली. पहाटे बैलांच्या नाकातून वाफ निघते, चाकांची करकर गावाच्या अलीकडूनच ऐकू येते, आणि पहिल्या उन्हात हवेत तंतू तरंगताना दिसतात. लोकांना तंतू नाकात गेला की शिंक येते. माझी छाती बंद होते. मी मापाडी आहे. कापसाच्या ढिगाशेजारी उभं राहण्यात माझा दिवस जातो. असा माणूस दर हंगामात तोंडाला उपरणं का बांधतो, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, दमा आहे.

आता वाफेचं यंत्र आलं आहे. गठाण यंत्र बांधतं. खड्डे बुजले. नवीन पोरांना सांगावं लागतं की एके काळी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, माणसाच्या पायांनी दाबत असत. ती पोरं हसतात. म्हणतात, "मंग कापसाले घामाचा वास येत असंन ना जी?"

येत असे. घामाचाच नव्हे.

मी म्हणतो तो हंगाम अमरावतीचा. अमेरिकेतली लढाई संपायच्या आधीचा शेवटचा. तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि सगळ्या जगाला एकदम वऱ्हाडाची काळी माती आठवली होती. भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. त्या दिवसांची आठवण काढली की लोक चांदीच्या वाट्या आणि बैलांच्या शिंगांना बसवलेल्या पितळी शेंब्या सांगतात. मला मार आठवतो. त्या हंगामात जो तो कोणाला तरी मारत होता. गाडीवान बैलांच्या पुठ्ठ्यात पराणीची आर खुपसत. बैल जीभ काढून रस्त्यात बसला की त्याला तिथंच सोडून जू दुसऱ्याच्या मानेवर. विहिरीवर पाण्यासाठी डोकी फुटत. लुगड्याच्या ओच्यात मूठभर रुई सापडली म्हणून एका बाईला आमच्या वखारीच्या दारात ओणवी करून मारलं. मारणारा मी. मी मुकादम होतो, पंचविशीचा होतो, हातात बाभळीची शिपटी होती, आणि शेठनं ती माझ्या हाती देताना म्हटलं होतं, "हे हाय तं तू हायस."

ते मला पटलं होतं. आधी हेच कबूल करायला हवं.

वखारीच्या मागच्या छपरात खड्डा होता. खड्ड्यावर लाकडाची चौकट, चौकटीला तोंड ताणून टांगलेलं तागाचं लांबलचक पोतं. त्याला आम्ही बोद म्हणायचो. बोदात दोन माणसं उतरायची. वरून बाया टोपल्यांनी रुई ओतायच्या आणि खालची माणसं ती तुडवायची. तुडवत तुडवत रुईबरोबर वर यायची. ऐकायला सोपं आहे. सैल रुई म्हणजे मात्र पाणी. पाय ठेवावा तर पाय जातो, पाय काढावा तर दुसरा जातो, आणि वरून पडतच असतं. दोघांचे पाय एका ठेक्यात पडले तरच खालचं थिजतं आणि माणूस वर राहतो. ठेका चुकला की एकाच्या दाबानं दुसऱ्याखालचं सरकतं.

म्हणून ढोल. आणि म्हणून याकूतचाचा.

चाचा अचलपूरचे. बाप नबाबाच्या रिसाल्यात घोडेस्वार होता. रिसाला मोडला, घोडा गेला, आणि मुलगा अमरावतीला हमालीला आला. उंच, काळे, राखाडी दाढी, हाताचे पंजे सुपाएवढे. बाजार त्यांना हबशी म्हणे. एकदा मीही म्हटलं तर ते हसून म्हणाले, "हबशी तुमी म्हन्ता, मुकादम. आमी सिद्दी. तुमाले कोनी काळी माती म्हनून हाक मारली तं ओ देसान का?"

त्यांचा ढोल उभा होता, एका तोंडाला कातडं. तो मांड्यांत धरून काठावर बसायचे, खड्ड्यातली दोन्ही डोकी दिसतील असे. हातानं वाजवायचे, काठी नाही. एक ठेका तुडवायचा. एक वळायचा, म्हणजे दोघांनी जागा बदलायची. आणि मधेच कातड्याच्या ऐन मध्यावर दोन जड, सावकाश थापा. त्याला 'उठ' म्हणत. उठ वाजला की बायांनी टोपल्या थांबवायच्या, खालच्यांनी दोरीला लटकून डोकं वर काढायचं, तोंडातला कापूस थुंकायचा, श्वास घ्यायचा. चाचा दोघांच्या तोंडाकडं पाहायचे, आणि मगच हात पुन्हा काठाकडच्या कातड्यावर.

शेठला उठ खुपायचा. "दर खेपेले टोपली वाया जाते. हा हबशी कापूस दाबून राह्यला का माणसं मोजून राह्यला?"

मी जाऊन सांगायचो. चाचा म्हणायचे, "शेठले म्हना, तुमी उतरा बोदात. मंग उठ नाई वाजोत."

बाया खिदळायच्या. टोपल्या ओतणारी गिरजा तर म्हणायची, "उतरले तं बोद फाटंन ना, चाचा!" आणि सगळं छप्पर हसायचं. त्या हंगामात हसणं ऐकू यायचं ते तेवढ्या छपरातच.

ह्या माणसांची नावं मला पुढं पुष्कळ दिवस छळत राहिली. याकूत म्हणजे माणिक. त्यांच्या बापाचं नाव अंबर, आज्याचं संदल. एक सुगंध, दुसरं चंदन. ज्यांनी माणसं विकत घेतली त्यांनी त्यांना जामदारखान्यातल्या जिनसांची नावं दिली. मी सहज विचारलं होतं, दुपारची भाकर खाताना, की तुमच्या आज्याचं आधीचं नाव काय होतं?

चाचांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. हात लुंगीला पुसले. म्हणाले, "जिभेवरून तं गेलं. आमच्यात कोनालेच ते बोलता येत नाई. पन तो मरताना माह्या बापाले ढोलावर देऊन गेला. हे पाहा." आणि त्यांनी बोटांच्या टोकांनी एक तोडा वाजवला. आखूड, चढत जाणारा, शेवटी अचानक दबलेला. "हे नाव हाये."

"ह्याचा अर्थ काय हो?"

"नावाले अर्थ काहून पायजे? हाक मारता आली म्हंजे झालं."

ती हाक ते गुरुवारी मारत. गुरुवारी त्यांचा मजुरीचा ढोल वखारीतच राही. नाल्यापलीकडं चिंचेखाली पिराची जागा होती, तिथं दुसरा ढोल असे. त्या ढोलाला आधी उदाचा धूर द्यायचा, मग हात लावायचा. त्याच्यावर कोणाचा हुकूम चालत नसे, खुद्द चाचांचाही नाही. त्यांची मुलगी मरियम गाणं उचलायची. वय असेल सतरा-अठरा. तिचा आवाज जाडसर, थोडा फाटका, पण तो उठला की नाल्याकाठच्या परटिणी धुणं थांबवायच्या. गाण्यातले निम्मे शब्द त्यांनाही कळत नसत. समुद्राचा एक शब्द होता, आईचा एक होता, बाकी नुसते आवाज, पण असे धरून ठेवलेले की वाटावं, कोणी पडत्या घरातून भांडी बाहेर काढतो आहे.

तिथं सिद्दीच यायचे असं नाही. भिस्ती यायचे, मांग-महारांतले वाजवणारे यायचे, आमच्या वखारीतली तुडवणारी माणसं यायची. धारणीकडून डोंगर उतरून आलेले कोरकू गडी यायचे, त्यांत सोमा असायचा. सोमा बोलायला लाजायचा. नाचायला लागला की त्याला आवरणं कठीण. आठवडाभर दुसऱ्याच्या हुकमानं पडलेले पाय गुरुवारी आपल्या मनानं पडत. मी नाल्याच्या अलीकडं उभा राहून पाहायचो. मुकादमानं तिथं नाचणं बरं दिसलं नसतं. पण माझ्या टाचा चपलांत हलायच्या.

शेठकडं येणाऱ्या साहेबाच्या कारकुनाकडून मला कळलं होतं की अमेरिकेत कापूस वेचणारे लोक काळे आहेत, विकत घेतलेले आहेत, आणि तिथली लढाई त्यांच्यावरूनच पेटली आहे. मी ते मोठ्या हौसेनं चाचांना सांगितलं, जणू त्यांच्या गावचा निरोप आणला.

त्यांनी ढोल मांड्यांतून काढून बाजूला ठेवला. मग विचारलं, "गाते का वो ते लोकं?"

"मले काय मालूम, चाचा."

"गात असतीन," ते म्हणाले. "नाई तं आजवर जिते नसते राह्यले." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हंजे त्याइचं रगत सांडून राह्यलं, म्हनून आपल्या बोदाले भाव आला. बस करा, मुकादम. आज नका सांगू अजून."

ढोल मी त्यांच्याकडूनच शिकलो. दुपारच्या सुट्टीत ते मला शेजारी बसवायचे. माझी बोटं मऊ, चार दिवसांत सोलवटली. ते म्हणायचे, "शिपटी सोडली की हात शिकते." तुडवायचा ठेका आला. वळायचा आला. उठ वाजवायला मला कंटाळा यायचा. त्यात काही कसब नव्हतं, दोन थापा आणि थांबणं. माझे हात पुढं धावायचे. चाचा माझं मनगट धरून थांबवायचे. "डोळे कुठं हायेत तुमचे? ढोलावर? ढोल पळून नाई जात. खाली पाहा. तोंडं पाहा."

यंदा माझ्या नातवानं मला एक खेळ दाखवला. पोरं कापसाच्या ढिगात एकाला पुरतात आणि भोवती टाळ्या पिटत म्हणतात,

काळा ढोल, काळा ढोल,
सोमा गिळला, खड्डा खोल!

नातवाला ठाऊक नाही सोमा कोण. त्याच्या बापालाही नाही. पस्तीसेक वर्षांत ते गाणं अमरावतीहून अकोल्याला आलं, हमालांच्या तोंडून पोरांच्या तोंडात गेलं. खरं बोलणाऱ्याला साक्षीदार लागतो, खोट्याला नुसती चाल पुरते. मी नातवाला ओढून बाजूला घेतलं आणि त्याच्या थोबाडीत मारली. तो रडत म्हणाला, "काहून मारलं, आबा?" मी त्याला गूळ दिला.

तो गुरुवार.

दुसऱ्या सकाळी बंड्या निघायच्या होत्या. रेल्वे अकोल्याकडं सरकत आली होती आणि जो आधी पोहोचेल त्याचा माल आधी जाणार होता. रुई छपराला टेकली होती. ढोल नाही म्हणून तुडवणं मंद चाललं होतं. दोन-तीन गडी चिंचेकडं जायला निघाले, सोमा त्यांत होता, धुतलेलं धोतर नेसला होता. मी दारात शिपटी आडवी धरली. "आज जायचं नाई. बोद भरल्याबिगर कोनी जायचं नाई." सोमानं माझ्याकडं पाहिलं, नाल्याकडं पाहिलं, आणि धोतर वर खोचून खड्ड्यात उतरला. त्याच्याबरोबर दुसरा तुडवणारा, दौलत.

शेठ छपरात येऊन गरजला, "हे काय मेलेल्या बैलाची चाल हाये? त्या हबशाले धरून आना!"

"तो गुरुवारी येत नाई, शेठ. पन ढोल इथंच हाये," मी म्हणालो. "मले येते."

मला कोणी सांगितलं नव्हतं. हे मी आपणहून म्हणालो.

मी काठावर बसलो. पहिली थाप घातली आणि बायांनी गिल्ला केला. "मुकादम वाजोते वो!" गिरजा ओरडली. "पाहा तं, सायबाचे हात!" तुडवायचा ठेका बसला. दोघांचे पाय बसले. मग मी तो वाढवला. टोपल्या वाढल्या. ढोल माझ्या मांड्यांतून पोटात, पोटातून छातीत चढला, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाची भीती वाटेनाशी झाली. शेठची नाही, उद्याची नाही. चाचांनी ऐकवलेला तो आज्याच्या नावाचा तोडा माझ्या बोटांना आपोआप सापडला आणि मी तो त्या ठेक्यात घातला, पुन्हा घातला, जोरात घातला. दुसऱ्याच्या घरची हाक मी मजुरीच्या कामाला जुंपली आणि मला वाटत होतं, मी मोकळा झालो. लाज वाटते, पण खरं सांगतो, मी इतका आनंदात त्याआधी कधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही. माझे डोळे मिटले होते.

दौलत ओरडला. मला वाटलं, तोही रंगात आला आहे. मी आणखी जोर केला.

"अवो मुकादम! थांबवा! सोमा दिसून नाई राह्यला!"

गिरजेनं टोपली माझ्या अंगावर फेकली तेव्हा हात थांबले. बोदात दौलत एकटाच, गळ्यापर्यंत, दोन्ही हातांनी रुई उपसत, आणि जितकी उपसावी तितकी पुन्हा त्याच जागी येत. कोणी तरी विळा आणला. बोद बाहेरून फाडलं. विळा तागातून गेला तो आतल्या मांडीतही गेला, आणि फाटीतून आधी रक्तानं भिजलेली रुई बाहेर आली, मग पाय, मग सोमा. तोंड सताड उघडं आणि आत, दातांच्या मागं घशापर्यंत, घट्ट दाबलेला पांढरा कापूस. गिरजा बोटांनी तो काढत राहिली. काढता काढता त्याच्या ओठाच्या कडा फाटल्या. तो संपतच नव्हता. डोळे उघडे होते आणि डोळ्यांवरही तंतू होते. नखं उलटली होती. तळाच्या तागाला त्यानं आतून ओरबाडलं होतं.

शेठ पाहून गेला आणि बाहेर कोणाला तरी म्हणाला, "लाल झालेली अलग काढा. बाकीची चालंन."

बाहेर कोरकू गडी जमले होते. हातात कुऱ्हाडी. दुसऱ्या वखारींचे हमालही धावले. शेठ दारात उभा राहिला. त्यानं विचारलं, "ढोल कोनाचा हाये?" कोणी वाजवला, असं नाही विचारलं. ढोल कोणाचा. आणि स्वतःच उत्तर दिलं, "हबशाचा. म्या कितीदा म्हनलं, त्याच्या ढोलात काही हाये." मग माझ्याकडं पाहिलं. छपरातल्या बायाही माझ्याकडं पाहत होत्या. गिरजेच्या बोटांना अजून तो ओला कापूस होता. मी एक शब्द बोललो असतो तर त्या साऱ्या बोलल्या असत्या. मी बोललो नाही. गिरजेनं मान खाली घातली. त्या क्षणापासून ती माझ्या पापात सामील झाली, तिच्या इच्छेविरुद्ध, पोटासाठी.

जमाव नाल्याकडं सुटला. मी पुढं होतो. पुढं असलो की कोणी मागून माझ्याकडं बोट दाखवणार नाही, इतकाच विचार डोक्यात होता.

चिंचेपर्यंत जावं लागलं नाही. याकूतचाचा आमच्याच दिशेनं धावत येत होते. अनवाणी, डोक्यावर काही नाही, मागं मरियम. नाला काही फार रुंद नाही. आवाज पलीकडं जातो. वखारीतला ढोल त्यांनी सुरुवातीपासून ऐकला असणार, आणि त्यात जे नव्हतं तेही. पिराचा ढोल अर्धा टाकून ते खड्ड्यातल्या माणसांना वाचवायला धावले होते.

"पळून राह्यला! धरा!" कोणी तरी ओरडलं. धावणारा काळा माणूस पळतोच आहे, असं ठरलेलं होतं.

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी गुडघ्यावर. ते पडले, पुन्हा अर्धे उठले, आणि त्या सगळ्या तोंडांत त्यांना माझं तोंड दिसलं. त्यांनी माझ्याकडं हात केला. गालावरून रक्त वाहत होतं आणि ते मला विचारत होते, एखाद्या शागिर्दाला विचारावं तसं, "उठ काहून नाई वाजोला, मुकादम? उठ काहून नाई वाजोला?"

त्या गोंगाटात ह्याचा अर्थ मला एकट्याला कळला.

मी तो हात धरला. वर ओढायला धरला की गप्प करायला, हे मी पस्तीस वर्षं स्वतःला विचारतो आहे. सोडला मात्र नाही. बाजूच्यांना वाटलं, मुकादमानं धरून दिला. एकानं माझ्या पकडीतलं ते मनगट दगडावर दाबलं, दुसऱ्यानं वरून धोंडा घातला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या तळव्यातून माझ्या खांद्यापर्यंत आला. मग दुसरा हात. धोंडा पुन्हा पुन्हा. सुपाएवढा तो पंजा शेवटी चिंधीसारखा लोंबत होता. मरियम मधे पडली, तिला केसांना धरून फरफटत नेलं, तिच्या मुठीत कोणाचा तरी कान अर्धा फाटून आला. चिंचेखालचा पिराचा ढोल कुऱ्हाडीनं फोडला. कोरकूंनी तो फोडला नाही, हे सांगायला हवं. हमालांनी फोडला. कोरकू तोवर थांबले होते आणि सोमाला न्यायला परत वळले होते.

कोतवालानं मला विचारलं, "हबशी भांग पिऊन वाजोत होता म्हन्ते, खरं का?" मी मान हलवली. इतकं सोपं होतं ते. शेठनं मला दुसऱ्या दिवशी नवीन उपरणं दिलं आणि मी ते घेतलं. चाचांना मरियमनं एका बंडीत घालून अचलपूरला नेलं. जाताना ती बंडीच्या मागं तोंड करून बसली होती आणि वखारीच्या दाराकडं पाहत होती. मी दारामागं होतो.

पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपल्याची खबर आली. भाव एका रात्रीत बसले. शेठची वखार बसली, अमरावतीत रडारड झाली, आणि कारकून म्हणाला, तिथले ते काळे लोक सुटले म्हणे. मला चाचांना सांगावंसं वाटलं. खरंच वाटलं. मग आठवलं की ते कुठं आहेत आणि कोणामुळं. मी अमरावती सोडली. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी घर केलं, लग्न केलं, शिपटी पुन्हा हातात धरली नाही. लोकांना वाटतं मी मवाळ माणूस आहे.

यंदा बाजाराच्या दिवशी कापूसबाजाराच्या फाटकाशी गर्दी दिसली. उभा ढोल मांड्यांत धरून एक बाई बसली होती. केस पिकलेले, अंगानं भरलेली. वाजवत होती आणि गात होती, आणि मला वळून पाहावं लागलं नाही. आवाज तोच, जाडसर, फाटका. आज्याचं नाव आलं. त्याच्यामागून एक तोडा आला, मी कधी न ऐकलेला, रुंद, सावकाश चालणारा. मला कळलं की चाचा गेले, आणि जामदारखान्यातलं ते नाव सोडून त्यांना त्यांच्या मुलीनं दुसरं दिलं.

अमरावतीहून आलेल्या जुन्या हमालांनी ओळखलं. "हबशाची पोट्टी! ढोल बंद कर! मानूस गिळते हा!" पोरांनी ते गाणं धरलं. एक दगड आला, मग दुसरा, कपाळ फुटलं, रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. ती वाजवत राहिली. डोळा पुसायला हात काढला असता तर ठेका तुटला असता. रक्ताचे थेंब कातड्यावर पडत आणि थापेबरोबर उडत होते.

तोडा संपवून ती उठली. "मारा! म्या इथंच वाजोनार. पीर अमरावतीचा, बाप अचलपूरचा, आन् आमाले कोन्या बाजारात बसू देत नाई तुमी! माह्या बापानं त्या दिवशी त्या ढोलाले हात नोता लावला. मंग कोनी वाजोला? एकानं तं सांगा!"

"तुह्या बापालेच इचार जाऊन!" एक हमाल म्हणाला आणि सगळे हसले.

"इचारलं," ती म्हणाली. "त्यानं नाव नाई घेतलं. मरेपर्यंत नाई घेतलं. म्हने, मुकादम स्वतः सांगंन."

गर्दी फुटली. कोणाला तरी दया आली, पाणी आणलं. पाणी देणारा हात माझाच होता, हे आता लिहिताना लक्षात येतं. ती तोंड धुऊन, माझ्या उपरणं बांधलेल्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "भाऊ, त्या वखारीचा मुकादम ह्याच गावात राह्यते म्हन्ते. तुमाले ठावं हाये का तो?"

"नाही," मी म्हणालो.

ती मोर्णेपलीकडं फकिरांच्या वस्तीत उतरली आहे. हंगाम सरेपर्यंत राहणार आहे. दर बाजाराला येते, दर बाजाराला दगड खाते आणि तेच विचारते. मी उपरणं तोंडावर घेऊन ढिगामागं उभा राहतो.

हे सगळं लिहून काढलं तेव्हा थोडा वेळ हलकं वाटलं होतं. ते खरं नव्हे. दगड मारणाऱ्या हमालांना वाचता येत नाही. मरियमला वाचता येत नाही. धारणीच्या डोंगरात सोमाची माणसं आहेत, त्यांना तर असं काही लिहिलं जातं हेच ठाऊक नाही. भर बाजारात, फाटकाशी, तिच्या शेजारी उभं राहून, माझं स्वतःचं नाव घेऊन मोठ्यानं बोलणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.